मधमाशीचे विषाणूंपासून संरक्षण

मधमाशीच्या शरीरात मनुष्याप्रमाणे प्रतिपिंडे तयार होत नाहीत. तथापि विषाणूंशी झुंजण्याचे तिचे निराळे साधन आहे. पंख विकृत करणारा विषाणू पेशीत वाढू लागला म्हणजे त्याच्या आर.एन.ए. या जननद्रव्याचा दुपदरी धागा तयार होतो. ‘डायसर’ नामक विकर त्याचे सुमारे २१ ते २२ घटकांचे तुकडे करते. ‘अर्गोनॉट’ हे प्रथिन त्यांतील तुकडा नमुना म्हणून धरते व त्याच्याशी जुळणारा विषाणूचा धागा कापून टाकते.

परंतु व्हरोआ कोळी कोशातील माशीला दंश करून विषाणू थेट तिच्या शरीरद्रवात सोडतो, तेव्हा हे संरक्षण बहुधा अपुरे पडते. यास्तव मेलिफेरा माश्या पाळणाऱ्यांनी पिलाव्याच्या चौकटी, विशेषतः नरांची घरे, नियमित तपासावीत व कोळ्यांचा वेळीच बंदोबस्त करावा.