आर भाषेतील विदाप्रकार आणि त्यांचे रूपांतर

'आर' ही संख्याशास्त्रासाठी घडवलेली संगणकीय भाषा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती घडवली. दोघांच्या नावांचे समान आद्याक्षर तिला मिळाले. ती विनामूल्य असल्यामुळे बोलीचे सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्यालाही परवडते. (पुढील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, यंत्रावर त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात.)

या भाषेत मूल्यांचे मूळ प्रकार सहा. त्यांपैकी संमिश्र संख्या आणि कच्चे बाइट आपल्याला क्वचितच लागतात. उरलेले चार म्हणजे तार्किक (खरे-खोटे), पूर्णांक, दशांश आणि अक्षरी. एका सदिशात, म्हणजे मूल्यांच्या एका रांगेत, एकाच प्रकारची मूल्ये राहू शकतात. मिसळ झाली तर 'आर' न विचारता सगळ्यांना वरच्या प्रकारात नेते: तार्किकाचे पूर्णांक, पूर्णांकाचे दशांश, आणि एक जरी अक्षरी मूल्य आले तर सगळेच अक्षरी. हे कधी सोयीचेही असते. 'हा शब्द तुमच्या घरी वापरतात का?' याची उत्तरे तार्किक प्रकारात ठेवली, तर त्यांची बेरीज हीच होकारांची संख्या, कारण बेरजेत खरे म्हणजे १ आणि खोटे म्हणजे ०.

खरा धोका वयाच्या रकान्यात आहे. समजा, चार निवेदकांची वये ६२, १८, ४६ आणि 'माहीत नाही' अशी नोंदवली. त्या एका उत्तराने सारा रकाना अक्षरी होतो. २०२० मध्ये आलेल्या ४.०.० आवृत्तीपूर्वी तर असा रकाना वाचतानाच 'फॅक्टर' बनत असे. फॅक्टर म्हणजे गटांची यादी. आत प्रत्येक गटाला अनुक्रमांक असतो. अशा फॅक्टरवर थेट 'ॲज.न्युमेरिक' चालवले की वये मिळत नाहीत, अनुक्रमांक मिळतात: ३, १, २, ४. सरासरी निघते २.५, आणि यंत्र चकार शब्द काढत नाही. अडीच वर्षे पाहून कोणीही थबकेल. पण शेकडो निवेदकांची वेगवेगळी वये असली की अनुक्रमांकांची सरासरी खऱ्या वयासारखीच दिसू शकते, आणि 'हा शब्द आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे' असा निष्कर्ष त्यावर उभा राहतो. म्हणून आधी 'ॲज.कॅरॅक्टर', मग 'ॲज.न्युमेरिक'. तेव्हा 'माहीत नाही'च्या जागी 'एनए' येतो, सूचनाही मिळते, आणि 'एनए' वगळून सरासरी ४२ येते.

अक्षरी राहिलेल्या आकड्यांची क्रमवारीही फसवते: '१०' हे '९'च्या आधी लागते. 'ॲज.इंटिजर' ३.९ चे ४ करत नाही, अपूर्णांक छाटून ३ ठेवते. 'रीड.सीएसव्ही' गोव्याच्या दूरध्वनी संकेतांकाचे, ०८३२ चे, ८३२ करून टाकते; तिथे 'कोलक्लासेस' वापरून रकाना अक्षरीच ठेवावा. संकेतांकांची बेरीज कोणाला करायची आहे?

आपल्याला खास भेडसावणारी अडचण देवनागरी अंकांची. निवेदकाने किंवा टंकलेखकाने वय देवनागरीत लिहिले असेल, तर 'आर'ला त्यात संख्या दिसतच नाही. रूपांतर केल्यास 'एनए' येतो. त्यावर 'चारटीआर' ही आज्ञा आहे: एका यादीत देवनागरीचे दहा अंक, दुसरीत त्याच क्रमाने इंग्रजी अंक, की एकेका चिन्हाची अदलाबदल होते. मात्र '१,२५,०००' मधील स्वल्पविराम 'जीसब'ने आधीच काढून घ्यावेत, नाहीतर पुन्हा 'एनए'च.