आमच्या होडीचे वळण का बिघडले?

गेल्या हिवाळ्यात मांडवीच्या काळ्या वाळूवर भल्या सकाळी एक चिमुकली होडी घेऊन उभी असलेली आमची मंडळी तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. होडी सव्वा मीटर लांबीची, सुतारकामाच्या वर्गात मुलांनी प्लायवूडची केलेली. आत गवत कापण्याच्या यंत्रातून काढलेले २६ सी. सी.चे दोन-स्ट्रोक इंजिन. किनाऱ्यावरील मुलाच्या हातात बिनतारी आज्ञा धाडणारे यंत्र असे. होडीतील ग्राहक-यंत्र ती आज्ञा झेली, आणि दोन छोट्या मोटारी, एक सुकाणू व दुसरी इंजिनचा वेग, हलवीत. ही विद्या नवी नव्हे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे अशीच बिनतारी आज्ञेने चालणारी होडी पाण्याच्या हौदात फिरवून दाखविली व त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचे पेटंट मिळविले. त्यांची होडी विजेवर चालणारी होती, आमची पेट्रोलवर. (अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, म्हणून तिकडील पुस्तके वाचताना आमची मुले प्रथम बुचकळ्यात पडली.)

होडी चालली खरी, परंतु धड चालेना. वेग वाढविताच ती डावीकडे कलून डावीकडेच ओढली जाई. नाळ डॉल्फिनसारखी वर-खाली आपटे. आणि सुकाणू फिरविले तर क्षणभर काहीच न होता मग एकदम गर्रकन वळे. मुलांनी निकाल दिला, ‘‘गुरुजी, बिनतारी यंत्र बिघडले.’’ आम्हांसही ते पटले. नव्या यंत्राची किंमतही आम्ही विचारून आलो होतो.

त्या यंत्राचा खर्च वाचविला तो इयत्ता नववीतील एका मुलाच्या वडिलांनी. ते मासेमारीच्या होडीवर तांडेल आहेत. त्यांनी इंजिन बंद ठेवून होडी संथ पाण्यात सोडली, थोडा वेळ पाहिली आणि म्हणाले, ‘‘मास्तर, हिची पिछाडी बसलीय. ती धावते कशी ते मागनं बघा, आधी बसते कशी ते बघा.’’

घरी येऊन आम्ही होडी एका आडव्या पट्टीवर तोलली. अशा सपाट तळाच्या वेगवान होडीचा तोल मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण तीन दशांशावर असावा लागतो. आमचा जेमतेम एक पंचमांशावर होता. कारण पेट्रोलची टाकी अगदी मागे बसविली होती. तेव्हा एका मुलास आठवले की, नाळेच्या उड्या पहिल्या फेरीत फार असत आणि टाकी रिकामी होत आली म्हणजे आपोआप थांबत. ही खूण इतके दिवस डोळ्यांसमोर होती. पेट्रोल संपताना जो दोष नाहीसा होतो, तो बिनतारी यंत्राचा कसा असेल? टाकी उचलून तोलाच्या जागीच ठेवली. आता ती भरो वा रिती होवो, तोल ढळत नाही.

ओझे किती याइतकेच ते कोठे आहे व ते सरकते का, हे आपल्या कोकणात कोणास सांगावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी लाटांत कलली, भयभीत उतारू एका बाजूस धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

डावीकडची ओढ मात्र टाकी हलवूनही राहिली. तिच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. होडी भर वेगात सरळ जात असता वेग एकदम सोडावा. ओढ तत्काळ गेली तर दोष पंख्याच्या फिरण्याचा. राहिली तर सुकाणू किंवा तळ वाकडा. आमची ओढ गेली. मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा पिछाडी उजवीकडे ढकलतो, म्हणून नाळ डावीकडे जाते. आणि पंखा ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट होडीचे अंग कलते. बॅटरी थोडी उजवीकडे सरकविली व सुकाणूस केसभर उजवा कल दिला, एवढे पुरले.

वळणाचा दोष तर लाजिरवाणा निघाला. सुकाणूचे पाते बोटांनी हलविताच ते, मोटार जागची न हलता, दोन्ही बाजूंस डुलले: दांडीचा एक स्क्रू ढिला होता!

येथवर सारे विनोदाचे. पुढची गोष्ट सांगताना आम्हांस अद्याप संकोच वाटतो. एके सकाळी होडीच्या तळात पाणी साचले आणि ग्राहक-यंत्राची तार त्यात बुडाली. या यंत्राच्या लहरी खाऱ्या पाण्यात जवळजवळ शिरतच नाहीत. आज्ञा तुटली, वेग होता तसाच राहिला, आणि होडी सरळ किनाऱ्याकडे आली. वाळूत खेळणाऱ्या एका लहान मुलीपासून दोन हातांवर ती वाळूत रुतली. पंखा तरीही फिरतच होता. मुलीस इजा झाली नाही. पण संदेश तुटताच इंजिन आपोआप मंद व्हावे अशी सोय त्या यंत्रात होती, आणि ती आम्ही लावून घेतली नव्हती. चूक मुलांची नव्हती, आमची होती. तिच्या आईस आम्ही तसे सांगितले.

आता होडी पाण्यात उतरण्यापूर्वी तिला घोडीवर घट्ट बांधून इंजिन चालू करतो व हातातील यंत्र मुद्दाम बंद करतो. इंजिन मंद झाले नाही, तर त्या दिवशी होडी घरी परत. तार प्लास्टिकच्या नळीत घालून वर उभी केली आहे. खारे वारे सुटण्यापूर्वी, मतलईची वेळ आहे तोवरच आणि माणसांपासून दूर होडी चालवितो. एक मुलगा होडीकडे पाहतो व दुसरा फक्त किनाऱ्याकडे. परतल्यावर इंजिन व पंखा गोड्या पाण्याने धुऊन तेलाचा हात देतो, नाहीतर गंज दोन दिवसांत चढतो.

कोणत्या दिवशी काय बदलले व काय घडले याची वही प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. तिच्यात एका दिवशी एकच बदल लिहिलेला आढळेल. ज्या दिवशी दोन केले, त्या दिवसाच्या पानावर मुलांनी लाल शाईने मोठे प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.