भिंतीपलीकडची ठकठक



अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी नावाचा जुना तुरुंग आहे. तो १८२९ साली सुरू झाला व १९७१ साली बंद पडला. पेनिटेन्शरी म्हणजे पश्चात्तापाचे स्थान. कैद्याला फटके न मारता एकांतात ठेवावे, म्हणजे तो अंतर्मुख होऊन सुधारेल, असा संस्थापकांचा सद्हेतू होता. प्रत्येकास स्वतंत्र कोठडी व छतात उजेडासाठी झरोका. पण शेजाऱ्याशी बोलण्यास सक्त मनाई. बाहेर नेताना तोंडावर बुरखा चढवीत. १८४२ साली चार्ल्स डिकन्स यांनी हा तुरुंग पाहिला. ही शिक्षा शारीरिक छळाहूनही वाईट, असे त्यांचे मत झाले. तरीही कैदी नळांवर ठकठक करून एकमेकांना खुणावीत. १९१३ साली ही पद्धत रीतसर बंद झाली.

पुढे ओस पडलेल्या या वास्तूत २००५ साली जॅनेट कार्डिफ व जॉर्ज ब्यूर्स मिलर या कॅनडातील कलावंत दांपत्याने ‘पँडेमोनियम’ ही ध्वनिरचना मांडली. सात नंबरच्या दुमजली कोठडीरांगेत त्यांनी यंत्राने हलणारी १२० दांडकी बसविली. ती तेथील संडासाची भांडी, दिवे, मोडकी टेबले यांवर ठोके देत. आरंभी हलकी ठकठक, जणू दोन कैदी भिंतीआडून बोलत आहेत. मग नाचाचा ठेका. शेवटी बंडाळीसारखा कल्लोळ. माणूस एकही नाही, पण माणसाची हाक ऐकू येई.

याच आवारात यहुदी कैद्यांचे सिनेगॉग आहे. ते १९२० नंतरच्या दशकात झाले व त्याचा जीर्णोद्धार होऊन २००९ साली ते लोकांस खुले झाले. कडक एकांतवासात दहा जणांचे मिन्यान जमलेच नसते!

येथे आपणांस बोध आहे. तेशुवा मनुष्याने स्वतः करावयाची हे खरे. परंतु किप्पुरच्या दिवशी आपण पापांची कबुली ‘मी’ म्हणून नव्हे, ‘आम्ही’ म्हणून देतो. आपले पूर्वज दारफाळणीच्या सणाला दारे लावून बसत, पण दाराआड सारे कुटुंब एकत्र असे. मनुष्य सुधारतो तो चार माणसांत.

विचारासाठी प्रश्न :
१. चुकलेल्या माणसाला आपण वाळीत टाकतो, की त्याला परतण्याची वाट ठेवतो?
२. आपल्या इमारतीत दाराआड एकटे कोण आहे? त्याची ठकठक आपल्या कानी येते काय?