सेवा सोपवताना

सेवाकार्य सुरू कसे करावे हे आपण पुष्कळदा ऐकतो. ते दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे, हे क्वचितच.

संत मदर तेरेसा यांनी १९५० साली कोलकात्यात मिशनरीज ऑफ चॅरिटी ही संस्था स्थापन केली. १९९० मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी पद सोडायचे ठरवले. पण भगिनींनी पुन्हा त्यांनाच निवडले. अखेर १३ मार्च १९९७ रोजी सिस्टर निर्मला यांची निवड झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला मदर देवाघरी गेल्या. संस्थेचे काम मात्र थांबले नाही. मोशेनेही आपल्यामागे लोकांना मेंढपाळ असावा म्हणून देवाला विनवले आणि सर्वांसमक्ष यहोशवावर हात ठेवले.

आपल्या धर्मग्रामातील मंडळांत हिशेब, चाव्या व गरजूंची यादी अनेकदा एकाच व्यक्तीकडे असते. तिची निष्ठा मोठी. पण ती आजारी पडली, तर विधवेच्या घरी धान्य कोण पोहोचवणार?

म्हणून आपण तीन गोष्टी पाळूया:

१. पदावर असतानाच एखाद्या तरुणाला घरभेटींना सोबत नेऊया.
२. सर्व नोंदी वहीत लिहून ठेवूया.
३. पद सोडल्यावर, विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.

कार्य प्रभूचे आहे. आपण केवळ कारभारी.