जुन्या मोटारीचा वायपर चढणीवरच कां थांबतो?

मोटारीच्या पुढील काचेवरचें पाणी पुसणारा वायपर आज विजेवर चालतो. तो बिघडला कीं आपण प्रथम फ्यूज पाहतों. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निघालेल्या पुष्कळ अमेरिकन मोटारींत या कामीं विजेचा संबंधच नसे. वायपर हलवीत असे तो हवेचा दाब. अगदीं आरंभीं तर दांडी हातानें फिरवावी लागे. मेरी अँडरसन या बाईंनीं १९०३ सालीं अमेरिकेंत पेटंट घेतलें तें अशाच हातानें चालणाऱ्या साधनाचें. हवेवर चालणारे वायपर त्यानंतरचे. ज्या हौशी लोकांनीं जुन्या मोटारी जिवापाड जपून ठेविल्या आहेत त्यांच्याकडे ते अद्यापि पाहावयास मिळतात; मात्र विजेची संवय झालेला चांगला मिस्त्रीही त्यांच्यापुढें कधीं कधीं हात टेकतो.

आमच्या एका स्नेह्यांपाशीं अशी एक मोटार आहे. एका जुलै महिन्यांत ते, त्यांचा नववींत शिकणारा मुलगा व मी पनवेलीहून जुन्या रस्त्यानें पुण्यास निघालों. खोपोलीपर्यंत पाऊस बेताचा होता व वायपर संथपणें पण नीट चालत होता. बोरघाटाची चढण लागली, पावसानें झोड उठविली, आणि नेमक्या त्याच वेळीं वायपर काचेच्या मध्यभागीं उभा राहिला. वळणावर धुक्यांत एक मालमोटार थांबलेली होती. ती आम्हांस दिसली तेव्हां मध्यें दहा हातांचेंही अंतर नव्हतें. स्नेह्यांनीं दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला व ब्रेक दाबला. मोटार थांबली, आणि इतका वेळ निश्चल असलेला वायपर आपण होऊन डावीउजवीकडे चालूं लागला!

"मास्तर," घाम पुशीत ते म्हणाले, "गेल्याच महिन्यांत ही वायपरची मोटर नवी बसविली. मिस्त्र्यानें मला फसविलें."

मागच्या बैठकीवरून मुलानें विचारलें, "पण बाबा, तुम्हीं पाय उचलल्यावरच तो कां चालला?"

मी शिक्षक असूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता, हें येथें कबूल करतों. सगळें रहस्य त्याच प्रश्नांत होतें.

इंजिनाचा दट्ट्या खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढून घेतो. हें मिश्रण ज्या नळकांड्यांतून येतें त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला कीं ती उघडते, सोडला कीं जवळजवळ मिटते. मिटलेल्या झडपेंतून पुरेशी हवा येत नाहीं, दट्ट्या तर ओढीतच असतो. म्हणून मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेहून पुष्कळ कमी होतो. टॉरिचेलीचा १६४३ सालचा पाऱ्याचा प्रयोग तुम्ही शिकलां आहांत. समुद्रसपाटीस हवेचा दाब सुमारें ३० इंच पारा तोलून धरतो. निरोगी इंजिन जागच्या जागीं चालू ठेविलें असतां मॅनिफोल्डमधील दाब याहून १७ ते २१ इंचांनीं कमी असतो. या उणेपणावरच वायपर चालतो. त्याच्या मोटरींत तारा नसतात. एक अर्धवर्तुळाकार डबी असते व तींत कातड्याच्या कडा लावलेली एक फळी झुलते. रबरी नळीनें डबीची एक बाजू मॅनिफोल्डशीं जोडलेली असते. दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा शिरते व फळीस ढकलते. फळी टोकास पोंचली कीं एक लहानशी झडप बाजूंची अदलाबदल करते, आणि फळी उलट फिरते. आतां चढणीवर काय होतें पाहा. पाय दाबलेला, झडप सताड उघडी, हवा मोकळेपणीं आंत येते. उणेपणा जवळजवळ नाहींसा होतो. मग फळीस ढकलणार कोण?

चढणीवर मंदावणें हा अशा वायपरचा स्वभावच आहे, हें यावरून दिसेल. परंतु लांब चढणीवर पार थांबून राहणें हें त्या स्वभावापलीकडचें होतें.

दुसऱ्या दिवशीं पावसानें उघडीप दिली तेव्हां आम्हीं शोधास आरंभ केला, तो वायपरपासून नव्हे तर इंजिनापासून. नळी काढून मॅनिफोल्डला दाबमापक लावला. कांटा १७ इंचांवर स्थिर राहिला. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० फूट उंच असल्यामुळें तेथें कांटा दोनएक इंच कमी दाखवितो. तो इंजिनाचा दोष समजूं नये. इंजिन निर्दोष ठरलें. मग नळी पुन्हां जोडली, तों वायपर बंद असतांही इंजिन अडखळूं लागलें. मुलानें मॅनिफोल्डजवळ नळी चिमटींत घट्ट दाबली. इंजिन पूर्ववत् शांत झालें. म्हणजे त्यापुढें कोठें तरी बाहेरची हवा आंत शिरत होती. इंजिन व बैठक यांमधील पत्र्यांतून नळी जेथें पार होते तेथें, रबरी कड्याच्या आड, तिला बोटभर चीर पडलेली सांपडली. सपाटीवर उणेपणा भरपूर, म्हणून तेवढी गळती खपून जाई. घाटांत उरलेलें थोडकेंही ती चीर गिळून टाकी. मिस्त्र्यानें बसविलेली मोटर चांगली होती. जुनीही बहुधा चांगलीच असावी!

नळी धड असती तर पुढची पायरी म्हणजे मोटर व वायपरची दांडी यांना जोडणारा दुवा सोडवून पाहणें. एकटी मोटर जोरानें चालली तर दोष गंजलेल्या बिजागऱ्यांत. ती एकटीही रेंगाळली तर आंतील कातडें सुकलें असावें, व कातडें मऊ करणाऱ्या तेलाच्या चार थेंबांनीं पुष्कळदां काम भागतें. ही परीक्षा कोरड्या काचेवर मात्र करूं नये. रबर अडतें व चांगल्या वायपरवर आळ येतो. कांहीं मोटारींत चढणीवर साह्य व्हावें म्हणून पेट्रोलच्या पंपासच जोडलेला हवा ओढणारा दुसरा पडदा असतो. तो फाटला तर इंजिनांतील तेल ओढलें जाऊन मागून निळा धूर निघतो.

नवी नळी घालून आम्ही परतलों. उतरणीवर पाय ॲक्सिलरेटरवर नसल्यानें वायपर इतक्या वेगानें नाचूं लागला कीं हंसूं आवरेना. खरी परीक्षा ऑगस्टमध्यें त्याच चढणीवर झाली. मुलगा हातांत घड्याळ धरून फेऱ्या मोजीत होता. त्या वळणापाशीं वायपर निम्म्यावर आला, पण थांबला नाहीं. स्नेह्यांनीं गिअर खालचा घेतला, पाय किंचित् हलका केला, आणि काच पुन्हां स्वच्छ दिसूं लागली.