कामगार-कलहातील मध्यस्थी : एक विचार

'समेट' आणि 'लवाद' या दोन शब्दांतील फरक आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि पुढे विसरून जातो. वस्तुतः तो फरक मोठा आहे. लवाद निवाडा देतो व तो दोन्ही पक्षांवर बंधनकारक असतो. समेट घडविणारा मध्यस्थ निवाडा देत नाही. मालकाशी वेगळे, कामगारांशी वेगळे बोलून प्रत्येकाला खरोखर काय हवे आहे आणि किती सोडता येईल हे तो काढून घेतो, मग दोघांना समोरासमोर बसवितो. सही करावयाची ती त्यांनीच. सरकारी मराठीत या अधिकाऱ्याला 'संराधन अधिकारी' म्हणतात. मी तरी हा शब्द एकाही कामगाराच्या तोंडून ऐकलेला नाही; आमच्याकडे सगळे 'लेबर ऑफिसर'च म्हणतात.

मुंबई इलाख्यात ही पद्धत कायद्याने आली ती १९३४ मध्ये, त्या वर्षीच्या गिरणी संपानंतर. १९३८ साली सरकार आणखी पुढे गेले. समेटाची बोलणी होण्यापूर्वी केलेला संप शिक्षेस पात्र ठरविण्याचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संप हा फार तर कराराचा भंग होय, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामाला जुंपणे ही गुलामगिरीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कायदा मात्र झालाच. माझ्या समजुतीप्रमाणे बाबासाहेबांचा आक्षेप बोलण्यांना नव्हता, सक्तीला होता.

१९४६ च्या कायद्याने एका उद्योगात एकाच 'प्रातिनिधिक' संघटनेला बोलण्याचा अधिकार दिला. त्याचे फळ १९८२ मध्ये दिसले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पण मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. ज्याच्याशी बोलावयाचे तो कामगारांच्या मनातून उतरला होता, आणि कामगार ज्याच्यामागे होते त्याच्याशी कायद्याने बोलता येत नव्हते. अशा स्थितीत मध्यस्थाने बोलवावे तरी कोणाला? संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही, तो विरत गेला. बदली कामगारांना कायम करावे ही त्यातील एक मागणी होती. माझे आजोबा बदलीवालेच होते; संपानंतर ते पनवेलला आले ते इथलेच झाले.

तेव्हा मध्यस्थाच्या कौशल्याआधी टेबलाशी कोण बसणार हे ठरावे लागते, असे मला वाटते. याचे एक लहान उदाहरण घरचे आहे. २०१९ मध्ये माझे वडील तळोजे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला होते. दोन महिन्यांचा पगार अडकला. कंत्राटदार म्हणे, कंपनीने बिल दिले नाही; कंपनी म्हणे, ही माणसे आमची नव्हेत. प्रकरण लेबर ऑफिसरकडे गेले. पहिल्या तारखेला कंत्राटदाराचा मुकादम आला, दुसऱ्या तारखेला कोणीच नाही. तिसऱ्या वेळी अधिकाऱ्यांनी कंपनीच्या मॅनेजरला बोलावून घेतले आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा समोर ठेवला : कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मुख्य मालकाने द्यावा व कंत्राटदाराच्या बिलातून वळता करून घ्यावा. अर्ध्या तासात बोलणी संपली. पैसे दोन हप्त्यांत मिळाले, आमची रेशन-दुकानाची उधारी फिटली.

पण पुढील कंत्राटात सहा जणांना घेतले नाही. बोलण्यात पुढे होते तेच सहा. वडील त्यांत होते. समझोत्याच्या कागदावर पगाराची रक्कम होती, तारखा होत्या. तक्रार केल्याबद्दल कोणाला काढणार नाही, असे एक वाक्य मात्र नव्हते. ते लिहून घेता आले असते. तडजोडीच्या वेळी हातात पैसा दिसू लागला की एवढे कोणाला सुचत नाही, आणि सुचवावयास युनियन नव्हती.

आता कायदा बदलला आहे. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. संपाला चौदा दिवसांची नोटीस सर्वच कारखान्यांत लागते. समेटाची बोलणी चालू असताना व नंतर सात दिवस संप करता येत नाही. १९३८ चा वाद निराळ्या वेषात परत आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. एकाहून अधिक संघटना असतील तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार जिच्यामागे तिला वाटाघाटीचा अधिकार मिळतो. वडिलांसारख्यांचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असते, कंपनीच्या नव्हे. त्यांना या ५१ टक्क्यांत कोठे धरावयाचे? आमच्या प्राध्यापकांना मी हे विचारले आहे. तळोज्यात ज्यांच्या घरचे कोणी कामाला आहे, अशा वर्गमित्रांनीही घरी विचारून पाहावे.