चोविसावी पट्टी

होलसेलवाल्याच्या गोडाउनात पडून राहिला असता तो माल आपल्या दुकानात पडून राहावा, यासाठी काढलेली सोय म्हणजे ‘एका कोडला एक बॉक्स’. फ्रेमच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगतो. कॅटलॉग बघून तेव्हा त्यांचे डोळे दिपलेले असतात, त्यामुळे फारसं कुणी ऐकत नाही, ते सोडा.

कोल्हापुरात शाहूपुरीच्या सखल भागात माझं दुकान आहे. अंबाबाई, शाहू महाराज, गदा घेतलेले पैलवान, लग्नातली जोडपी, निवृत्तीची मानपत्रं असं सगळं इथे येतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कलानिकेतन किंवा दळवीज या चित्रकलेच्या कॉलेजांतली पोरं ओल्या रंगाची चित्रं घेऊन धावत येतात, तीही. मुंबईचा माझा पुरवठादार पूर्वी एकेका कोडच्या, म्हणजे कॅटलॉगमधल्या एकेका नमुन्याच्या, चार-पाच पट्ट्याही सुट्या द्यायचा. त्याच्या भरवशावर मी भिंतीवर नमुन्याचे कोपरे लावले होते. गिऱ्हाईक बोट दाखवणार, मी ऑर्डर घेणार आणि पुढच्या गाडीने पट्टी येणार, असं बरं चाललं होतं.

ऐन लग्नसराईत त्याच्या माणसाचा फोन आला. “शेठ, लूज बंद झालं. कोडला बॉक्स घ्यायचा, आणि बिल पंचवीस हजारांच्या वर पाहिजे. नाहीतर गाडीत माल चढत नाही.”

“अहो, इतकी वर्षं माल घेतोय तुमच्याकडून. निदान या ऑर्डरीपुरतं तरी बघा.”

“तुमचं खरंय, पण वरून आलंय.”

वरून म्हणजे कुठून, हे विचारण्यात अर्थ नव्हता. एका दवाखान्याच्या फ्रेमांचं काम हातात होतं. गडद अक्रोडी पट्टी, पाच फ्रेमा झालेल्या, दोन बाकी. दोन पट्ट्यांसाठी बॉक्स उचलावा लागला. डॉक्टरांना ठरलेल्या दिवशी काम पोचलं, आणि उरलेल्या अठ्ठावीस पट्ट्या माझ्याकडे मुक्कामाला राहिल्या. त्या रंगाला आमच्याकडे मागणीच नाही.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते धरा, पण पद्धत हीच ठेवा. एक इंची सिंथेटिक पट्टी साडेनऊ फूट लांब, बॉक्सात तीस पट्ट्या, म्हणजे २८५ फूट. बॉक्सचा दर फुटाला २२ रुपये, गावातल्या दुकानात सुटी घेतली तर २८. फुटामागे सहा रुपये, म्हणजे बॉक्सामागे १,७१० रुपये वाचले असं वाटतं. पण बॉक्सला ६,२७० रुपये रोख गेलेत. तीच पट्टी सुटी घेतली असती तर एकेक २६६ रुपयांना पडली असती. भाग देऊन बघा. चोविसावी पट्टी कापेपर्यंत सुट्या खरेदीपेक्षा तुमचे पैसे जास्तच गेलेले असतात. बॉक्सातली सारी कमाई शेवटच्या सहा-सात पट्ट्यांत बसलेली आहे, आणि पडून राहतात त्या नेमक्या याच.

त्यात करवतीचा हिशेब वेगळा. १६ बाय २० च्या चित्राची परिमिती ७२ इंच. एक इंची पट्टीचे चार कोपरे पंचेचाळीस अंशात कापताना वरचे आठ इंच जातात, झाले ८०. पट्टी ११४ इंचांची. उरला ३४ इंचांचा तुकडा, त्यात फार तर ५ बाय ७ ची एक फ्रेम निघते. २८५ फुटांत अशा ४२ फ्रेमा होतील असं कॅल्क्युलेटर सांगतो. प्रत्यक्षात मोठ्या तीसच होतात आणि कोपऱ्यात तीस तुकडे साचतात. ५ बाय ७ चे फोटो घेऊन तीस माणसं येणार आहेत का, हे बॉक्स मागवायच्या आधी विचारा. सुट्या पट्टीत एका मोठ्या फ्रेममागे ५७ रुपये जास्त जातात. ते दरात धरले तर गिऱ्हाईक हूं का चूं करत नाही, हा माझा अनुभव आहे. फ्रेमच्या दरात घासाघीस होते ती काचेवरून आणि ‘कधी देणार’ यावरून.

माल साठवण्याची दुसरी किंमत आम्हाला २०१९ च्या ऑगस्टमध्ये कळली. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तयार फ्रेमा, कटिंग मशीन, कोपरे जोडायचं मशीन माळ्यावर चढवता आलं. बॉक्स कुठे चढवणार? साडेनऊ फुटी वस्तू जिन्यातून वळत नाही. पाणी ओसरल्यावर सिंथेटिक पट्ट्या निदान धुता तरी आल्या. पाठीला लावायचा एमडीएफ फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. माउंटबोर्डाचे गठ्ठे तर एकसंध ठोकळे झाले होते, सुरीनेही पानं सुटेनात. तो सगळा माल ‘दहा गठ्ठे घेतले तर दर कमी’ म्हणून घेतलेला होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा दुकानात साठाच कमी होता. विम्याचा सर्व्हेअर खरेदीची बिलं मागतो, हेही लक्षात ठेवा. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो. फक्त विम्याची रक्कम सिझनमधल्या भरलेल्या साठ्याची धरा, श्रावणातल्या रिकाम्या रॅकची नको.

मग बॉक्स घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण मोजक्या पट्ट्यांचा. माझ्याकडे साधी सोनेरी एक इंची, साधी तपकिरी आणि पाऊण इंची काळी बॉक्सने येते. सोनेरी आणि तपकिरी देवांना आणि माणसांना दोन्हीकडे चालते. घरात कुणी गेलं की रक्षाविसर्जनाला फोटो लागतो, आणि आमच्याकडे ते तिसऱ्या दिवशी असतं. त्या माणसाला ‘गाडी आली की देतो’ म्हणता येत नाही. काळी पट्टी प्रमाणपत्रांना आणि चित्रकारांना लागते. बाकी नक्षीदार, पुरातन सोनेरी, दोन इंची रुंद असलं काही मी सुटंच घेतो, जास्त दराने, आनंदाने. एक अपवाद आहे. मोठं काम असेल तर त्या कामाच्या सगळ्या पट्ट्या एकदम आणि एकाच लॉटच्या घ्या, दोन जास्तीच्या धरून. सोनेरीचा कोड तोच असला तरी दुसऱ्या लॉटमध्ये छटा बदलते, आणि सात फ्रेमा शेजारी टांगल्या की ते आंधळ्यालाही दिसतं.

भिंतीवरचे कोपरे मी निम्म्याने उतरवले. जी पट्टी आठवड्यात हातात येईल, तिचाच नमुना भिंतीवर. बाकीचे ड्रॉवरमध्ये आहेत. कुणी अडूनच बसलं तर काढतो आणि पट्टीची पूर्ण किंमत आगाऊ घेतो. अर्धी नाही. गिऱ्हाइकाने मन बदललं तर उरलेली अर्धी पट्टी आपल्याच नावावर राहते.

एकत्र खरेदीचा उपाय सगळे सुचवतात. आम्ही इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली असे चौघे-पाच जण मिळून करतो. पण त्यात माझं नाव, तुझी गाडी असला मामला ठेवू नका. पुरवठादाराशी आधीच बोलून घ्या: ऑर्डर सगळ्यांची मिळून धरायची, बिलं मात्र ज्याच्या त्याच्या नावाने वेगळी. बहुतेक जण कबूल होतात, त्यांना गाडी भरल्याशी मतलब. एकाच्या नावावर सगळं घेऊन नंतर बिलाशिवाय वाटलं, तर जीएसटीत तो एकटा अडकतो. शिवाय आमच्यातले दोघे जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत. त्यांना खरेदीवरचा जीएसटी परत मिळत नाही आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा लावताही येत नाही. त्यांनी दर ताडून बघायचा तो करासकट, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेली पट्टी महाग पडते. पैसे गाडी सुटायच्या आधी. यावरून आमच्यात एकदा वाजलंय, तपशिलात जात नाही. माल उतरवताना बॉक्सचं टोक दबलेलं दिसलं तर फोटो काढा आणि ट्रान्सपोर्टच्या पावतीवर तसं लिहूनच सही करा. नंतर केलेली तक्रार कुणी धरत नाही.

पुरवठादाराशी भांडून काही मिळत नाही, विचारून मिळतं. एका कोडचा बॉक्स म्हणत असेल तर त्याच मापात दोन-तीन रंग मिसळून देतो का, विचारा. बिलाची अट महिन्याची धरतो का, विचारा. हा कोड किती दिवस चालू राहणार, हे तर विचाराच, कारण बंद होणारे कोडच जास्त आग्रहाने गळ्यात मारले जातात. मार्चमध्ये माल काढायच्या घाईत असताना हीच माणसं वेगळ्या आवाजात बोलतात. त्या अक्रोडी पट्टीचा कोड मार्चनंतरच्या यादीत नव्हता.